जुन्या जपानी व्हिडिओ गेम्सचा संग्रह : कॅसेट, खोका आणि संपत आलेली बॅटरी

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत लहानाची मोठी झालेली पिढी व्हिडिओ गेमच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला ‘कॅसेट’ म्हणत असे. अमेरिकेत त्याच वस्तूला ‘कार्ट्रिज’ म्हणत. जपानमध्ये मात्र ‘कासेत्तो’ हाच शब्द रूढ होता. शब्दांचे हे साम्य योगायोगाचे असेल. वस्तूंचे नाते योगायोगाचे नव्हते. ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी आपल्याकडे विकली गेलेली, दूरचित्रवाणी संचाला जोडायची ती स्वस्त यंत्रे म्हणजे निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची, अर्थात ‘फॅमिकॉम’ची, विनापरवाना नक्कल होती. त्यांच्या कॅसेटीला बहुधा ६० पिना असत, आणि मूळ जपानी कॅसेटीलाही तितक्याच. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेंडोच्या कॅसेटीला ७२ पिना होत्या. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बाजारातून घरी आलेली ‘९९९९ इन १’ची पिवळी कॅसेट जपानी यंत्राच्या खाचेत बसू शकते, अमेरिकी यंत्राच्या नाही.

आपल्याकडे ‘टँक’ म्हणून ओळखला गेलेला खेळ हे याचे ठळक उदाहरण. नामको कंपनीचा ‘बॅटल सिटी’ हा १९८५ सालचा जपानी खेळ त्या काळात अमेरिकेतील घरगुती यंत्रासाठी प्रसिद्धच झाला नव्हता. विटांच्या भिंतींआडून गरुडाचे रक्षण करणारा तो छोटा रणगाडा भारतीय मुलांच्या ओळखीचा होता. अमेरिकी मुलांपैकी फारच थोड्यांनी तो पाहिला असेल. जपानी जुन्या गेम्सच्या संग्रहाचा छंद वरवर पाहता कितीही दूरदेशीचा वाटला, तरी मराठी वाचकाला त्याची एक बाजू अशी आधीपासून ठाऊक असते.

लाल-पांढरे यंत्र

मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. किंमत होती १४,८०० येन आणि सोबतीला फक्त तीन खेळ. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. लाल-पांढऱ्या रंगाच्या या यंत्राचे दोन्ही नियंत्रक वायरने कायमचे जोडलेले होते आणि दुसऱ्या नियंत्रकात चक्क मायक्रोफोन होता. सुरुवातीच्या यंत्रांची बटणे चौकोनी आणि रबरी होती. ती झिजत, अडकत; म्हणून कंपनीने पुढे गोल प्लॅस्टिकची बटणे बसवली. आज संग्राहक नेमकी ती सदोष चौकोनी बटणांची यंत्रे शोधत फिरतात. कंपनीने जे चुकले म्हणून बदलले, तेच दुर्मीळ ठरले.

फॅमिकॉमसाठी हजाराहून अधिक अधिकृत कॅसेटी निघाल्या. नामको, कोनामी, आयरेम यांसारख्या काही कंपन्यांना आपल्या कॅसेटी स्वतः तयार करण्याची मुभा होती, त्यामुळे त्यांचे रंग, आकार आणि लेबले वेगवेगळी झाली. आयरेमच्या सुरुवातीच्या कॅसेटींना तर एक लहानसा लाल दिवा होता. यंत्र सुरू केले की तो लागे. त्याचा खेळाशी काडीचाही संबंध नव्हता. अमेरिकी कॅसेटी मात्र जवळजवळ सगळ्या एकाच करड्या रंगाच्या. फळीवर मांडलेला जपानी संग्रह रंगीत बांगड्यांच्या दुकानासारखा दिसतो, तो यामुळे.

त्यानंतरची यंत्रेही संग्राहकांच्या यादीत असतातच : १९८७ चे पीसी इंजिन, १९८८ चे सेगा मेगा ड्राइव्ह, १९८९ चा गेम बॉय, १९९० चा सुपर फॅमिकॉम, १९९४ च्या अखेरीस अवघ्या काही दिवसांच्या अंतराने आलेली सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशन, आणि १९९९ चा बांदाईचा वंडरस्वान.

जपानीच का?

तोच खेळ इंग्रजीत मिळत असताना न कळणाऱ्या लिपीतली कॅसेट कशासाठी विकत घ्यायची, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे, की पुष्कळदा तो तोच खेळ नसतो. कोनामीच्या ‘कॉन्ट्रा’ची १९८८ ची जपानी आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या चिपवर चालत होती. त्यामुळे तिच्यात प्रस्तावनेची दृश्ये आणि टप्प्यांमधले नकाशे होते. अमेरिकी आवृत्तीत ते गाळले गेले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नावाने जपानमध्ये १९८६ मध्ये आलेला खेळ अमेरिकेत त्या वेळी पोहोचलाच नाही. तेथे त्याच नावाने दुसराच खेळ विकला गेला.

दुसरे उत्तर भाषांतराच्या दिरंगाईचे. स्क्वेअर कंपनीचा ‘फायनल फँटसी ५’ जपानमध्ये १९९२ मध्ये आला, इंग्रजीत अधिकृतपणे १९९९ मध्ये. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ हा १९९५ चा खेळ अधिकृत इंग्रजीत येण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. ‘मदर ३’ तर २००६ पासून आजवर जपानबाहेर अधिकृतपणे प्रसिद्ध झालेलाच नाही. चाहत्यांनी २००८ मध्ये स्वतःच त्याचे इंग्रजी भाषांतर करून टाकले. निन्टेंडोच्या १९९० च्या पहिल्या ‘फायर एम्ब्लेम’ची कथा आणखी विलक्षण. त्याची इंग्रजी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये विक्रीस आली आणि ३१ मार्च २०२१ नंतर कंपनीनेच ती विक्रीतून काढून घेतली. जपानी कॅसेट मात्र जुन्या बाजारात होती तशीच राहिली.

ज्यांना जपानी येत नाही, ते बहुधा विमाने-बंदुकांचे खेळ, शर्यती, कोडी यांच्याकडे वळतात. तेथे अक्षरओळख लागत नाही. आपल्याकडील मुलांनीही ते खेळ भाषेविनाच खेळले होते.

खोके, पुस्तिका, टेलिफोन कार्ड

जपानी दुकानांत जुन्या कॅसेटीची वर्गवारी ठरलेली असते. खोका आणि माहितीपुस्तिका यांसह असेल तर ‘हाकोसेत्सु’, नुसती कॅसेट असेल तर ‘हादाका’, म्हणजे उघडीवाघडी. न तपासलेला किंवा बंद पडलेला माल ‘जंकु’ म्हणून वेगळ्या टोपलीत जातो. फॅमिकॉमचे खोके पातळ पुठ्ठ्याचे होते आणि मुले ते घरी येताच फेकून देत. त्यामुळे कॅसेटीपेक्षा तिचा खोका दुर्मीळ आणि दोन्हींपेक्षा आतला एखादा कागदी तुकडा अधिक दुर्मीळ, अशी उलटी उतरंड या बाजारात दिसते.

संग्रह कॅसेटीपाशी थांबत नाही. खेळ सोडवण्याची मार्गदर्शक पुस्तके, १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘फामित्सू’ नियतकालिकाचे अंक, दुकानांत वाटलेली जाहिरातपत्रके, गेमच्या संगीताच्या तबकड्या, अकिरा तोरियामा यांनी चितारलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधील राक्षसांच्या बाहुल्या, असा हा पसारा आहे. जपानी सार्वजनिक दूरध्वनीसाठीची चुंबकीय टेलिफोन कार्डे हा त्यातला एक खास विभाग. १९८२ पासून वापरात आलेल्या या कार्डांवर गेममधील चित्रे छापली जात आणि ती बक्षीस किंवा भेट म्हणून दिली जात. त्यांवरून कोणी दूरध्वनी केलाच नाही, अशी कोरी कार्डे अर्थातच अधिक मोलाची.

स्पर्धांतील बक्षिसांची गोष्ट वेगळी. निन्टेंडोने १९८७ मध्ये गोल्फच्या खेळाची देशव्यापी स्पर्धा घेतली. निळ्या रंगाच्या खास डिस्कवर आपली गुणसंख्या नोंदवायची, ती दुकानात न्यायची आणि तेथील यंत्रातून ती थेट कंपनीकडे पाठवायची, अशी योजना होती. इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. विजेत्यांना ‘पंच-आउट’ या खेळाची सोनेरी कॅसेट मिळाली. अशा १०,००० कॅसेटी काढल्या गेल्या. ती दुकानात विकत मिळत नव्हती, हेच तिचे मोल.

अकिहाबारा आणि एक निकाल

टोकियोतील अकिहाबारा भागातले ‘सुपर पोटॅटो’, नाकानो ब्रॉडवे या १९६६ च्या इमारतीतील ‘मांदाराके’ची दालने आणि ओसाकातील देन-देन टाऊन ही या छंदाची परिचित ठिकाणे. त्यांची ख्याती जगभर झाल्यामुळे तेथे स्वस्तात काही हाती लागण्याची शक्यता कमी. जाणते संग्राहक लहान शहरांतील ‘हार्ड ऑफ’, ‘बुक ऑफ’ यांसारख्या जुन्या वस्तूंच्या साखळी दुकानांतील जंकुच्या टोपल्या धुंडाळणे पसंत करतात. जपानबाहेरचा ग्राहक याहू ऑक्शन्स (१९९९ पासून) किंवा मेर्कारी (२०१३ पासून) यांसारख्या संकेतस्थळांवरून, बहुधा तेथील मध्यस्थ सेवेमार्फत खरेदी करतो. मध्यस्थाचे शुल्क, टपालखर्च आणि आपले सीमाशुल्क मिळून कित्येकदा कॅसेटीच्या किमतीला मागे टाकतात. हिशेब आधीच मांडलेला बरा.

हा बाजार कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित झाला तो एका निकालामुळे. जुन्या गेम्सच्या पुनर्विक्रीने आपले नुकसान होते, असे म्हणत गेम कंपन्या दुकानदारांविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. गेम हा चित्रपटासारखा असल्याने त्याच्या वितरणावर आपला हक्क कायम राहतो, असा त्यांचा दावा होता. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ रोजी तो फेटाळला. एकदा विकलेल्या प्रतीवरचा हा हक्क संपतो, असे न्यायालयाने म्हटले. निकाल उलट लागता, तर आजचे अकिहाबारा वेगळे दिसले असते.

जगाच्या बातम्यांत झळकतो तो बाजार मात्र दुसराच. ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत जुलै २०२१ मध्ये १५ लाख ६० हजार डॉलरला आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक प्रत पुढच्याच महिन्यात २० लाख डॉलरला विकली गेली. या दोन्ही अमेरिकी प्रती होत्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेल्या. असा माल कोणी उघडत नाही, खेळत नाही, आत काय उरले आहे ते पाहतही नाही. त्याला संग्रह म्हणावे की मुदत ठेव, हा प्रश्नच आहे. त्या आकड्यांचा एक परिणाम मात्र सर्वांना भोगावा लागतो. नकली कॅसेटी आणि नव्याने छापलेले खोके यांना ऊत आला आहे. विशेषतः गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटी घेताना लेबलाची छपाई आणि आतील पट्टीवरचा मजकूर पारखून घेतलेला बरा.

विजेचा आणि पडद्याचा प्रश्न

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. फॅमिकॉमचा मूळ ॲडॅप्टर आपल्या प्लगमध्ये थेट खोचला, तर तो जळणार हे निश्चित. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर तरी हवा किंवा योग्य क्षमतेचा दुसरा ॲडॅप्टर तरी. दुसरा घेताना त्याच्या टोकाची धन-ऋण बाजू तपासावी लागते, कारण या यंत्रांत ती नेहमीच्या उलट असते.

चित्राचे गणित त्याहून नाजूक. मूळ फॅमिकॉम आपला संदेश जपानच्या १ किंवा २ क्रमांकाच्या वाहिनीवर सोडतो. त्या वाहिन्यांची कंप्रता आपल्याकडे एफएम रेडिओच्या पट्ट्यात येते, त्यामुळे आपला टीव्ही ती पकडत नाही. यावर उपाय म्हणजे डिसेंबर १९९३ मध्ये निघालेला, साध्या व्हिडिओ वायरीने जोडता येणारा नवा फॅमिकॉम किंवा जुन्याच यंत्रात कोणा जाणकाराकडून करून घेतलेली दुरुस्ती. बंदुकीचे खेळ तर सपाट पडद्यावर चालतच नाहीत, कारण ती बंदूक जुन्या काचेच्या नळीवरील प्रकाशाच्या लयीवर अवलंबून असते. साहजिकच भंगारात चाललेले वजनदार टीव्ही संग्राहक घरी आणून ठेवतात, आणि घरच्यांशी त्यांचे पहिले भांडण कॅसेटींवरून न होता या टीव्हीवरून होते.

यंत्रे एकमेकांच्या कॅसेटी स्वीकारतीलच असे नाही. गेम बॉयला प्रदेशाचे बंधन नाही. सुपर फॅमिकॉम आणि त्याचे अमेरिकी भावंड यांच्यात अडथळा केवळ प्लॅस्टिकच्या आकाराचा. प्लेस्टेशन आणि सॅटर्न मात्र परकी तबकडी ओळखून नाकारतात.

झिजत जाणारा संग्रह

पुस्तक वा नाणे जपणाऱ्याला सहसा भेडसावत नाही अशी एक अडचण येथे आहे. वस्तू जागच्या जागी ठेवली, तरी तिच्या आतले काहीतरी संपत असते. जुन्या यंत्रांचे प्लॅस्टिक पिवळे पडते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवण्याची पद्धत २००८ पासून प्रचलित आहे, परंतु पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. विद्युत मंडलावरील कपॅसिटर गळू लागतात. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारण्याचा उपाय जपानी आणि मराठी मुलांनी सारख्याच श्रद्धेने केला. प्रत्यक्षात श्वासातील ओलाव्याने पिना गंजतात. त्या पुसाव्यात त्या अल्कोहोलच्या बोळ्याने.

फॅमिकॉमच्या डिस्क सिस्टिमची अवस्था अधिक बिकट. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी आलेल्या या जोडयंत्राची कल्पना काळाच्या पुढची होती. दुकानातील यंत्रावर ५०० येन मोजून जुनी डिस्क पुसायची आणि तिच्यावर नवा खेळ भरून घ्यायचा. कंपनीने ही सेवा २००३ पर्यंत चालू ठेवली. मात्र त्यामुळे आज डिस्कवरच्या लेबलाचा भरवसा उरलेला नाही. ‘झेल्डा’च्या लेबलाखाली कोणता खेळ निघेल, हे लावून पाहिल्यावरच कळते. लावून पाहायचे तर यंत्रातील रबरी पट्टा शाबूत हवा, आणि तो बहुधा डांबरासारखा वितळलेला असतो.

खरी कोंडी बॅटरीची. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पहिल्या दोन भागांत खेळ जिथे थांबला तिथून पुढे सुरू करण्यासाठी ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ लिहून घ्यावा लागे. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत लांबत असे. धूसर पडद्यावरून उतरवताना एक अक्षर चुकले की आठवड्याची मेहनत वाया जाई. जुन्या पुस्तिकांच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेले हे मंत्र आजही सापडतात. १९८८ च्या तिसऱ्या भागापासून कॅसेटीत छोटी बॅटरी आली आणि नोंद तिच्या जोरावर टिकू लागली. ती बॅटरी आता संपत आली आहे किंवा संपली आहे. नवी बसवायची तर जुनीचे डाग काढावे लागतात, आणि त्या क्षणी चाळीसएक वर्षांपूर्वी कोणा मुलाने ठेवलेली नोंद पुसली जाते. न बसवावी, तर आज ना उद्या ती आपोआप पुसली जाणार. नोंद आधी संगणकावर उतरवून घेणारी उपकरणे मिळतात. काळजीवाहू संग्राहक ती वापरतात. बाकीचे सरळ बॅटरी बदलतात, आणि दुकानदारही बहुधा तेच करतात.

ग्रंथालयात नसलेली वर्षे

जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात गेम्सच्या प्रती जमा करण्याचा नियम ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. म्हणजे १९८३ ते २००० हा फॅमिकॉमपासून प्लेस्टेशनपर्यंतचा बहराचा काळ त्या नियमाच्या बाहेर राहिला. ती उणीव क्योतोतील रित्सुमेइकान विद्यापीठाच्या गेम अध्ययन केंद्राने काही अंशी भरून काढली. फॅमिकॉमचे जनक उएमुरा निन्टेंडोतून निवृत्त झाल्यावर तेथेच प्राध्यापक झाले आणि केंद्राचे प्रमुखही. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. टोकियोत २०११ पासून ‘गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ही ना-नफा संस्था काम करते आहे. निन्टेंडोनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये क्योतोजवळील उजी येथे आपल्या जुन्या कारखान्याच्या जागी संग्रहालय उघडले. उरलेला भार मात्र घराघरांतील फळ्यांवर आहे.

तो भार किती खरा आहे, हे ‘सॅटेलाव्ह्यू’वरून कळते. सुपर फॅमिकॉमला जोडायच्या या यंत्रावर एप्रिल १९९५ पासून उपग्रहाद्वारे खेळ प्रक्षेपित होत. काही खेळांना ठरलेली वेळ असे. ती चुकली की खेळ हुकला. प्रक्षेपण जून २००० मध्ये थांबले. त्यांतले अनेक खेळ तेव्हा दुकानात विकले गेलेच नाहीत. त्यांच्यापैकी जे आज पाहता येतात, ते प्रामुख्याने जुन्या स्मृतिकॅसेटींमुळे. या कॅसेटी लिलावात विकत घेऊन, त्यांच्यात कोणा अनोळखी माणसाने तेव्हा काय साठवून ठेवले होते, ते चाहते तपासतात. बहुतेकदा आधीच ठाऊक असलेला खेळ निघतो, क्वचित हरवलेला मानला गेलेला. अशी कॅसेट घेणारा माणूस खेळाचे पैसे मोजत नाही, शक्यतेचे मोजतो.

जपानमधील एका गेम-निर्मात्याने याच वृत्तीतून एक निराळा संग्रह उभारला आहे. फॅमिकॉमच्या काळात मुले कॅसेट उसनी देताना हरवू नये म्हणून तिच्या पाठीवर मार्करने आपले नाव लिहीत. असे नाव म्हणजे बाजाराच्या भाषेत खोट. दुकानदार त्यासाठी किंमत पाडतात, काही जण ते घासून काढतात. हा निर्माता नेमक्या त्याच कॅसेटी विकत घेतो, त्यांची छायाचित्रे मांडतो आणि नावाचा माणूस सापडला तर कॅसेट त्याला परत देतो. अशा काही कॅसेटी, आता प्रौढ झालेल्या मूळ मालकांच्या हाती परत पोहोचल्या आहेत.